मी कोण, असं विचारणारा संगणक : थिन क्लायंटसाठी सर्व्हर आणि नेटवर्कची मांडणी



आजचा विषय पत्रिकेवर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केले. "सर, जन्मभर न्यायदर्शन शिकवलंत, आता हे सर्व्हरचं काय काढलंत?" त्याचं उत्तर सरळ आहे. निवृत्तीनंतर आम्ही चार समवयस्कांनी मिळून तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाची संगणक खोली सांभाळायला घेतली. कुठल्या कुठल्या कार्यालयांनी मोडीत काढलेले सोळा संगणक मिळाले. त्यांतल्या बहुतेकांच्या हार्ड डिस्क आधीच काढून घेतलेल्या होत्या. नव्या डिस्क घ्यायला पैसे नव्हते आणि सोळा यंत्रांवर सोळा वेळा तेच काम करायला आमच्याकडे गुडघेही नव्हते. म्हणून आम्ही थिन क्लायंटच्या वाटेला गेलो. ठेचा खाल्ल्या, आणि जे शिकलो ते आज सांगणार आहोत.

थिन क्लायंट म्हणजे काय? स्वतःजवळ काही न बाळगणारा संगणक. आपल्या परंपरेत अपरिग्रह नावाचं व्रत आहे; हा संगणक ते व्रत घेऊनच बसलेला असतो. त्याच्याजवळ पडदा असतो, कळफलक असतो, थोडी स्मृती असते आणि नेटवर्कची तार असते. कार्यप्रणाली, प्रोग्राम, तुमच्या फायली, सगळं दुसरीकडे, सर्व्हरवर. कल्पना नवी नाही. मोठ्या संगणकाला जोडलेले मुके टर्मिनल आमच्या पिढीनं पाहिले आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक्स विंडो ही प्रणाली आली आणि प्रोग्राम एका यंत्रावर चालवून त्याचं चित्र दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखवणं शक्य झालं. १९९९ मध्ये जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू केला. आम्ही वापरतो ते हेच. ते मुक्त आहे, फुकट आहे, आणि जगभरातल्या शाळा ते वापरत आल्या आहेत.

पहिला प्रश्न : मी कोण?

आता त्या संगणकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बटण दाबलं, वीज आली, जाग आली. पण आठवण काहीच नाही. नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, शेजारी कोण आहे ते माहीत नाही. एकच गोष्ट जन्मतः मिळालेली आहे, ती म्हणजे नेटवर्क कार्डावर कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक. त्याला मॅक पत्ता म्हणतात.

मग हा संगणक काय करतो? तो ओरडतो. शून्य शून्य शून्य शून्य या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे 'जो कोणी ऐकत असेल त्याला', तो एक हाक मारतो. या हाकेचं उत्तर देणारी सेवा म्हणजे डीएचसीपी. आज रूढ असलेला तिचा नियम १९९७ चा, आणि तिचा पूर्वज बूटपी १९८५ चा. संवाद चार पावलांचा असतो. संगणक विचारतो, "कोणी आहे का?" सर्व्हर म्हणतो, "मी आहे, हा पत्ता घे." संगणक म्हणतो, "बरं, हाच पत्ता मला द्या." सर्व्हर म्हणतो, "दिला." हा पत्ता कायमचा नसतो, भाड्याचा असतो. मुदत निम्मी सरली की संगणक आपण होऊन नूतनीकरण मागतो.

साध्या संगणकाला पत्ता मिळाला की पुरतं. आपल्या संगणकाला आणखी दोन गोष्टी कळाव्या लागतात : कार्यप्रणाली कोणत्या सर्व्हरकडे मागायची आणि कोणत्या नावाची फाईल मागायची. ही पद्धत इंटेलनं पीएक्सई या नावानं ठरवून दिली. तुमच्या जुन्या यंत्राच्या बायॉसमध्ये 'नेटवर्क बूट' असा पर्याय दिसतो, तो हाच. तो चालू करून पहिल्या क्रमांकावर ठेवायचा.

इथं एक खाच आहे. जुनी यंत्रं बायॉसवर चालतात, नवी यूईएफआयवर. दोघांना लागणारी पहिली फाईल वेगळी असते. यंत्र हाक मारतानाच, पर्याय क्रमांक ९३ मधून, आपला प्रकार सांगत असतं. सर्व्हरनं ते ऐकून योग्य फाईल द्यायला हवी. आमच्याकडे सुरुवातीला तीन यंत्रं काळा पडदा दाखवून गप्प बसायची. कारण एवढंच होतं, की आम्ही सगळ्यांना एकच फाईल वाढत होतो. नव्या यंत्रांवर सिक्युअर बूटही बहुधा बंद करावं लागतं, नाहीतर ते अनोळखी फाईल घेतच नाहीत.

वाढपी सावकाश का वाढतो?

फाईलचं नाव कळलं, आता ती आणायची. पहिली फाईल येते टीएफटीपी या सेवेतून. हा १९८१ चा नियम, अगदी साधा. पासवर्ड नाही, फायलींची यादी नाही. सर्व्हर ५१२ बाइटांचा एक तुकडा देतो, संगणक 'मिळाला' म्हणतो, मग पुढचा तुकडा. एक घास गिळल्याशिवाय दुसरा वाढायचा नाही, अशी शिस्त.

हिशोब करून पाहू. ३० एमबीची फाईल असेल तर ५१२ बाइटांचे ६१,४४० तुकडे होतात. प्रत्येक फेरीला एक सहस्रांश सेकंद लागला तरी एक मिनिट गेलं. म्हणून शहाणपण असं, की टीएफटीपीनं फक्त एक छोटासा बूट-प्रोग्राम आणायचा. आयपीएक्सई हा असा प्रोग्राम आहे. त्याला एचटीटीपी कळतं, त्यामुळे पुढच्या मोठ्या फायली त्याला एचटीटीपीनंही आणता येतात, घासाघासाला थांबावं लागत नाही. आम्ही मात्र सगळं टीएफटीपीवरच ठेवलं. सोळा यंत्रांना ते चालून जातं.

त्यानंतर येतो कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आणि त्याच्यासोबत सुरुवातीचं गाठोडं. हा गाभा जागा झाला की तो मूळ फाईलप्रणाली शोधतो, आणि ती मिळते एनएफएसवरून. सन कंपनीनं १९८४ मध्ये आणलेली ही सेवा दूरच्या यंत्रावरचा फोल्डर जवळचा असल्यासारखा दाखवते.

एलटीएसपीत आपण सर्व्हरवरच्या कार्यप्रणालीची एक दाबून लहान केलेली प्रतिमा बनवतो. सोळाही यंत्रं तीच एक प्रतिमा वाचतात. कोणालाही तिच्यावर लिहिता येत नाही. मग चालू यंत्रात बदल होतात ते कुठे जातात? ते त्या यंत्राच्या स्मृतीत, प्रतिमेवर अंथरलेल्या पातळ थरात जातात. यंत्र बंद केलं की थर गेला. पाटी पुसली. पोरांनी काहीही उद्योग केले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खोली कोरी करकरीत. याच्याइतकं सुख दुसरं नाही.

पण मग मुलांनी लिहिलेले निबंध, भरलेले अर्ज? त्यांचे वैयक्तिक फोल्डर सर्व्हरच्या डिस्कवर असतात आणि लॉगिन केल्यावर एसएसएचच्या कूटबद्ध वाटेनं जोडले जातात. म्हणून कुठल्याही खुर्चीवर बसा, तुमचं सामान तुमच्यासमोर येतं. आणि ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की सर्व्हरवर नवा प्रोग्राम टाकला तर प्रतिमा पुन्हा बनवावी लागते. ती बनवली नाही तर सर्व्हरवर प्रोग्राम दिसतो आणि मुलांसमोर दिसत नाही. आमच्यातल्या एका गृहस्थांनी यापायी एक अख्खी दुपार घालवली. नाव सांगत नाही. ते आज पहिल्याच रांगेत बसले आहेत.

विचार कोण करणार : सर्व्हर की संगणक?

समोरून एक चिठ्ठी आली आहे : "सर, किती ताकदीचा सर्व्हर लागतो?" योग्य प्रश्न. याचं उत्तर आपण विचार कोणाकडे सोपवतो यावर आहे.

एक पद्धत अशी, की प्रोग्राम सर्व्हरवरच चालतात आणि संगणक फक्त चित्र दाखवतो. हा खरा थिन क्लायंट. दुसरी पद्धत अशी, की प्रतिमा सर्व्हरवरून येते, पण प्रोग्राम संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालतात. त्याला फॅट क्लायंट म्हणतात. डिस्क दोघांनाही नाही. २०१९ मध्ये एलटीएसपी नव्यानं लिहिलं गेलं, ते मुख्यतः या दुसऱ्या पद्धतीसाठी.

पहिल्या पद्धतीत एका वापरकर्त्याच्या ब्राउझरला ढोबळमानानं १ जीबी स्मृती धरा. सोळा जणांचे १६ आणि सर्व्हरचे स्वतःचे २, मिळून १८ जीबी. आमच्या पेटीत होते १६. दुसऱ्या पद्धतीत हे ओझं सोळा ठिकाणी वाटलं जातं.

आता पडद्याचा हिशोब. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट. एका चित्राचे झाले जवळजवळ पाच कोटी बिट. सेकंदाला २५ चित्रं दाखवायची तर न आवळलेल्या रूपात सव्वाशे कोटी बिट, म्हणजे सव्वा गिगाबिट. एका मुलीनं पूर्ण पडद्यावर व्याख्यानाचा व्हिडिओ लावला, तर कच्च्या चित्रासाठी एक गिगाबिटची तार एकटीला अपुरी! प्रत्यक्षात चित्र आवळून पाठवतात, पण आवळायचे श्रमही सर्व्हरच्याच डोक्यावर. म्हणून ज्यांच्याकडे व्हिडिओ पाहिले जातात त्यांनी, यंत्रात २ ते ४ जीबी स्मृती असेल तर, दुसरी पद्धत घ्यावी. नुसतं टंकलेखन आणि ग्रंथसूची असेल तर पहिली चालते.

तारेवर पैसे वाचवू नका. समजा एक यंत्र चालू होताना ३०० एमबी वाचतं. सोळा यंत्रं एकदम चालू केली तर ४,८०० एमबी. सर्व्हरची तार १०० मेगाबिटची असेल तर साडेसहा मिनिटं, एक गिगाबिटची असेल तर चाळीस सेकंदांच्या आत. म्हणून सर्व्हर ते स्विच ही तार तरी गिगाबिटची हवीच. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री चालू असेल तर तार जोडल्यावर खिडकी उघडायला ३० सेकंद लागू शकतात. काही यंत्रं तेवढं थांबत नाहीत, रागावून गप्प बसतात. संगणकांच्या खिडक्यांपुरती ही वाट पाहणी स्विचमध्ये बंद करता येते.

आणखी एक सेवा लोक विसरतात : वेळ. जुन्या यंत्रांच्या मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली असते. यंत्र उठतं ते कुठल्यातरी भलत्याच वर्षात. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर हरकत घेतो, कारण त्याच्या दृष्टीनं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. लोक इंटरनेटला दोष देतात. सर्व्हरकडून एनटीपीनं वेळ द्या, काम होतं.

आप्त कोण?

आता त्या दिवसाची हकिकत, जिच्यामुळे हे व्याख्यान उभं राहिलं.

शनिवार होता. एका सरकारी भरतीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. सकाळी नऊला खोली उघडली तेव्हा बाहेर वीस मुलंमुली उभी. काही पहिल्या एसटीनं खेड्यांतून आलेली. यंत्रं चालू केली. सात उठली, नऊ उठली नाहीत. पडद्यावर 'पीएक्सई-ई५३' अशी अक्षरं.

आदल्याच संध्याकाळी आम्ही सर्व्हरवर नवी प्रतिमा बनवली होती. तेव्हा निष्कर्ष तयारच होता : तिच्यातच बिघाड. जुनी प्रतिमा परत लावली. सर्व्हर तीनदा बंद-चालू केला, आणि त्यापायी चालू असलेली सात यंत्रंही पाडली. साडेदहा वाजले. ज्यानं चाळीस वर्षं मुलांना हेत्वाभास शिकवले, तो माणूस कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याला झोडपत बसला होता.

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, त्या अक्षरांचा अर्थ काय असतो?" अर्थ आम्हाला ठाऊक होता, आम्ही तो वाचलाच नव्हता. तुम्ही तरी लिहून घ्या. ई६१ म्हणजे तारच लागलेली नाही. ई५१ म्हणजे हाकेला कोणीच ओ दिली नाही, डीएचसीपी पाहा. ई५३ म्हणजे ओ मिळाली, पण फाईलचं नाव कोणी सांगितलं नाही. ई११ म्हणजे सर्व्हरचा पत्ता कळला, पण त्या पत्त्यावर कोणी सापडत नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपीचं दार उघडत नाही. सेवा बंद आहे किंवा फायरवॉल आडवी आली आहे. प्रत्येक पायरीचा वेगळा आकडा आहे.

आमचा आकडा ५३. म्हणजे कोणीतरी पत्ता देत होतं आणि फाईलचं नाव देत नव्हतं. आमचा सर्व्हर तर दोन्ही देतो. मग हा दुसरा कोण?

इथं न्यायशास्त्र कामाला आलं. ज्ञानाची साधनं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपला बिचारा संगणक जागा होताना पूर्णपणे शब्दावर चालतो. दुसऱ्यानं सांगितलं ते खरं मानायचं, एवढंच त्याच्या हाती. आणि शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. डीएचसीपीच्या नियमात आप्त ओळखायची सोय जवळजवळ नाही. दोघांनी ओ दिली तर कोणाचं ऐकायचं, हे प्रत्येक यंत्र आपापल्या घडणीप्रमाणे ठरवतं. म्हणून सात उठली, नऊ नाही.

मग प्रत्यक्ष पाहिलं. टीसीपीडंप नावाचं साधन तारेवरचं बोलणं ऐकवतं. ६७ आणि ६८ या डीएचसीपीच्या पोर्टांवर कान लावला आणि एक यंत्र चालू केलं. दोन उत्तरं आली. एक आमच्या १९२.१६८.६७.१ कडून, दुसरं १९२.१६८.१.१ अशा पत्त्यावरून. खोलीत शोधलं. कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक वायफायचा डबा, स्विचला जोडलेला. आदल्या रात्री आमच्याच एका सहकाऱ्यानं मुलांना मोबाईलवर नेट मिळावं म्हणून घरून आणून लावला होता. हेतू चांगलाच होता. डब्यानंही आपला धर्मच पाळला. असे डबे विचारणाऱ्याला पत्ता देतात, तसा त्यानं दिला. त्याची तार काढली, यंत्र उठलं. तार लावली, यंत्र अडकलं. पुन्हा काढली, पुन्हा उठलं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले, तेव्हाच आम्ही कारण सापडलं असं म्हटलं.

सव्वाअकरा वाजले होते. वीसपैकी अठरा जणांचे अर्ज त्या दिवशी तिथून गेले. दोन मुलं वाट पाहून निघून गेली होती. त्यांनी अर्ज दुसरीकडे भरला की राहिला, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. त्यांची नावंही आम्ही लिहून घेतली नव्हती.

त्यानंतर आम्ही काय केलं

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं बसवली. एक इंटरनेटकडे, एक फक्त सोळा यंत्रांकडे. आतल्या जाळ्यात पत्ते देणारा एकच. हे काम डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम एकटा करतो : पत्ते देतो, नावं सोडवतो आणि टीएफटीपीही सांभाळतो. वायफायचा डबा बाहेरच्या बाजूला गेला.

ज्यांना वेगळं जाळं करता येत नाही, जिथं राउटर आधीपासून पत्ते देतो आहे, त्यांनी भांडण लावू नये, काम वाटून द्यावं. पत्ता राउटर देईल, बूटची माहिती आपला सर्व्हर देईल. याला प्रॉक्सी डीएचसीपी म्हणतात आणि डीएनएसमास्कला ते येतं. दोन वक्ते असायला हरकत नाही, एकाच विषयावर दोघांनी उलटसुलट बोलू नये. आणि स्विच जरा वरच्या दर्जाचा असेल तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग असतं. कोणत्या खिडकीतून आलेलं उत्तर विश्वासाचं, हे आपण ठरवून देतो, बाकीची उत्तरं स्विच गिळून टाकतो. आप्त ठरवायचं काम संगणकाला जमत नाही, ते आपण करायचं.

सर्व्हरला यूपीएस दिला; तो गेला तर सोळाही जातात. रोज रात्री मुलांच्या फोल्डरांची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरते, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाईल परत काढून पाहतो. परत काढून न पाहिलेली प्रत ही नुसती श्रद्धा आहे. जी प्रतिमा सगळी यंत्रं वाचतात तिच्यात कुठलाही पासवर्ड ठेवत नाही, कारण जाळ्यावरच्या कोणालाही ती वाचता येते.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा आहे : "सगळ्यांच्या फायली तुमच्याकडे, म्हणजे तुम्ही सगळं पाहू शकता?" हो, पाहू शकतो. यंत्रं अपरिग्रही झाली की परिग्रह नाहीसा होत नाही, तो एका जागी गोळा होतो. म्हणून सर्व्हरची किल्ली आमच्यातल्या दोघांकडेच आहे. कोणी, केव्हा, कशासाठी आत गेलं ते वहीत लिहायचं, आणि ती वही टेबलावर उघडी असते. कोणीही वाचावी. तिच्या पहिल्या पानावर त्या शनिवारची नोंद आहे : नऊ ते सव्वाअकरा, खोली बंद, चूक आमची. खाली दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत, त्या दोन मुलांच्या नावांसाठी. ती कधी आली, तर लिहू.

पुढच्या वेळी पासवर्ड आणि परवानग्यांविषयी बोलू. इथंच थांबतो.